प्रति: कॉटरी मशीनचा प्लेट अलार्म

कॉटरी मशीन म्हणजे शस्त्रक्रियेत विजेने कापणारं आणि रक्तस्राव थांबवणारं यंत्र. तुमच्या मशीनचा अलार्म वाजतो म्हणून सर्किट बोर्ड बदलायचा सल्ला वर कुणीतरी दिला आहे, पण एवढ्यात खिशाला कात्री नको. तुम्हीच लिहिलंय की बायपोलर (करंट चिमट्याच्या दोन टोकांमध्येच फिरतो) व्यवस्थित चालतं आणि मोनोपोलर (करंट पेशंटच्या शरीरातून प्लेटमार्गे मशीनकडे परततो) वापरायला घेतलं की अलार्म वाजतो. बायपोलरला पेशंट प्लेट, म्हणजे करंट परत नेणारी त्वचेवरची प्लेट, लागतच नाही, म्हणजे आधी संशय प्लेटच्या सर्किटवर. प्लेटची केबल बहुधा कनेक्टरजवळ आतून तुटते, बाहेरून धडधाकट दिसते. मल्टिमीटर लावून ती वाकवत कंटिन्युइटी, म्हणजे तार आतून सलग आहे का, ते बघा. दोन भागांची चिकट प्लेट असेल तर मशीन त्या भागांमधला रेझिस्टन्स मोजतं. जेल सुकलं, त्वचेवर केस किंवा तेल असलं की तो वाढतो. जुनी स्टीलची प्लेट असेल तर सेटिंग अखंड प्लेटचं आहे ना, तेही पाहा.

अलार्म बंद करायला पिना शॉर्ट करणारे महाभाग आहेत. कृपा करून नको, त्यात पेशंट भाजतो.

आउटपुट मात्र साध्या मल्टिमीटरने मोजू नका. फ्रिक्वेन्सी शेकडो किलोहर्ट्झची, आकडा खोटाच येणार. त्याला ॲनालायझर, म्हणजे अशा मशीनचं आउटपुट मोजणारं खास उपकरण, हवा. आणि स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, लगेच झाकण उघडू नका.