डॉकवर दोन्ही मॉनिटर पूर्ण रिझोल्यूशनला चालत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत विश्रामबागला राहते. मार्केट यार्डातल्या काही हळद व्यापाऱ्यांचे हिशेब बघते. सकाळी लॅपटॉप घेऊन पेढीवर, दुपारनंतर घरी. रोज चार वायरी काढा-घाला नको म्हणून डॉकिंग स्टेशन घेतलं. एक टाइप-सी केबल खोचली की चार्जिंग, कीबोर्ड, प्रिंटर, डिजिटल सहीचा टोकन सगळं सुरू होतं. अडलंय ते फक्त मॉनिटरचं.

दोन्ही मॉनिटर २७ इंची, २५६० बाय १४४०. विंडोज ११. डॉकला दोन एचडीएमआय पोर्ट आहेत. कुठलाही एकच मॉनिटर लावला तर ६० हर्ट्झला झकास चालतो. दुसरा जोडला की त्यावर 'नो सिग्नल'. दोन्ही १९२० बाय १०८०वर आणले तर दोन्ही लागतात, पण अक्षरं फिसकटलेली दिसतात. पूर्ण रिझोल्यूशन ठेवून ३० हर्ट्झ केलं तरी लागतात, पण माउस अडखळत सरकतो. केबल आणि पोर्ट अदलाबदल करून पाहिले, डिस्प्ले ड्रायव्हर नवा टाकला, विंडोज-पी दाबून 'एक्स्टेंड' निवडलेलंच आहे.

एका पडद्यावर टॅली आणि दुसऱ्यावर जीएसटीचं २बी (विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांचा तक्ता) उघडून बिलं जुळवते. २० तारखेच्या आत ३बी हा जीएसटीचा मासिक रिटर्न भरायचा असतो आणि संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरायला लागतात. डॉक खराब आहे की माझं काही चुकतंय? लॅपटॉपला वेगळा एचडीएमआय पोर्ट नाही.

प्रतिसाद :

ताई, डॉक खराब नाही, बँडविड्थ (केबलमधून सेकंदाला जाऊ शकणारा डेटा) पुरत नाहीये. टाइप-सी केबलमध्ये वेगवान डेटाच्या चार लेन असतात. बरेच डॉक त्यातल्या दोन व्हिडिओला देतात आणि दोन यूएसबीला. डिस्प्लेपोर्ट १.२ (मॉनिटरला चित्र पाठवायची पद्धत) हिच्या वेगाने दोन लेनमधून सेकंदाला ८.६४ गिगाबिट जातात. तुमच्या एका मॉनिटरला ६० हर्ट्झला साधारण ५.८ लागतात, म्हणजे दोघांना ११.६. फुल एचडीचे दोन मिळून सातच्या आसपास, म्हणून ते बसतात.

आधी लॅपटॉपच्या बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) किंवा डॉकच्या सॉफ्टवेअरमध्ये 'हाय रिझोल्यूशन मोड' आहे का बघा. असला तर चारही लेन व्हिडिओला मिळतात, १७.२८ गिगाबिट. मग डॉकवरचं यूएसबी २.०च्या वेगावर येतं. टोकन, कीबोर्ड, प्रिंटरला तेवढं भरपूर झालं, फक्त बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्यायला वेळ लागेल.

तो मोड नसेल आणि लॅपटॉपला दुसरा टाइप-सी पोर्ट असेल, तर त्याच्याशेजारी डिस्प्लेपोर्टचं चिन्ह आहे का पाहा. असल्यास टाइप-सी ते एचडीएमआय केबलने एक मॉनिटर थेट तिथे लावा. नवा डॉक मात्र इतक्यात घेऊ नका.

पुन्हा मी :

बायोसमध्ये तो मोड सापडला! चालू करून लॅपटॉप रीस्टार्ट केला, दोन्ही मॉनिटर १४४०ला, ६० हर्ट्झवर. टोकनही लागला. मनापासून आभार.