वॉरफरिनच्या पेशंटसाठी सोपं माहितीपत्रक लिहायचंय, काय ठेवू काय काढू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

रक्त पातळ ठेवायची वॉरफरिनची गोळी ज्यांना सुरू होते त्यांना डिस्चार्जच्या वेळी द्यायचं पत्रक नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलंय. मी नर्स आहे. आत्ताचं पत्रक दोन्ही बाजूंनी गच्च भरलेलं, अक्षर बारीक आणि भाषा अशी, "रक्तस्रावाची लक्षणे आढळल्यास त्वरित वैद्यकीय सल्ला घ्यावा". आता लक्षणं म्हणजे नेमकं काय हे पेशंटला कुठून कळणार? जखमेतून भळाभळा रक्त आलं तर तो धावत येईलच, पण शौचाला डांबरासारखं काळं झालं तर आत कुठेतरी रक्त जात असेल हे कुणी सांगितल्याशिवाय कसं सुचणार त्याला.

म्हणून मी ते असं लिहिलंय: "नाकातून किंवा हिरड्यांतून येणारं रक्त थांबत नसेल, लघवी लाल झाली, शौचाला काळं किंवा लाल झालं, तर लगेच हॉस्पिटलला या. डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी या." हे अगदी वर, मोठ्या अक्षरात.

खरी अडचण पुढे आहे. आमच्या डॉक्टरांचं म्हणणं की जुन्यातलं काहीच काढायचं नाही, उद्या कुणी म्हणायला नको की सांगितलं नव्हतं. त्यांची काळजी मला पटते, कारण हे औषध आहेच नाजूक, जास्त झालं तर रक्त वाहतं, कमी पडलं तर गुठळी होते आणि म्हणूनच सारखी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा रक्ततपासणीचा आकडा, जितका जास्त तितकं रक्त पातळ) बघावी लागते. पण सगळंच छापलं तर कुणी काहीच वाचत नाही हेही मी रोज बघते, पत्रक घडी करून फाईलमध्ये जातं ते पुढच्या तपासणीलाच बाहेर निघतं.

तर मला विचारायचंय की दीड पान भरलेली "या औषधांसोबत घेऊ नये" ही यादी कशी आवरायची? पालेभाज्यांचं काय लिहायचं? आयएनआर समजावून सांगत बसू का "तुमचा आकडा इतका हवा" एवढी चौकट देऊ, कारण बहुतेकांना २ ते ३ चालतो पण हृदयात बसवलेल्या काही कृत्रिम झडपांना जास्त लागतो? आणि लिहिलेलं सोपं झालंय हे तपासायचं कसं, ती वाचनसुलभतेची सूत्रं इंग्रजी शब्दांवर बेतलेली आहेत, मराठीत त्यांचा उपयोग नाही.

प्रतिसाद १

मी फार्मसिस्ट आहे. पालेभाज्या "टाळा" असं अजिबात लिहू नका. त्यातल्या व्हिटॅमिन के मुळे आयएनआर खाली येते हे खरं, पण माणसाने त्या एकदम सोडल्या की तीच आयएनआर वर जाते. "रोज जेवढ्या खाता तेवढ्याच खात राहा, एकदम वाढवू नका, एकदम बंद करू नका" एवढं पुरे. यादीतून लोक स्वतःच्या मनाने घेतात ती दुखण्याची औषधं नाव घेऊन ठेवा, अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक. बाकीच्यांसाठी एकच ओळ, "कुठलंही नवीन औषध, झाडपाल्याचंसुद्धा, आधी आम्हाला विचारून घ्या". पूर्ण यादी वेगळ्या कागदावर द्या, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला. म्हणजे तुमच्या डॉक्टरांचीही हरकत राहणार नाही. आकड्याची चौकट चांगली कल्पना आहे, ती हाताने भरून द्या.

आणि विसरलेल्या डोसचं विसरू नका. त्याच दिवशी आठवलं तर घ्यायचा, दुसरा दिवस उजाडला तर सोडून द्यायचा, दोन डोस एकत्र कधीच नाही.

प्रतिसाद २

तपासण्याबद्दल सांगतो. "समजलं का?" विचारलं की सगळे हो म्हणतात. त्याऐवजी पत्रक वाचायला द्या आणि विचारा, "उद्या संध्याकाळी लक्षात आलं की कालची गोळी राहिली, तर काय कराल?" जिथे अडखळतील ती ओळ बदला, मग दुसऱ्या पेशंटला द्या. अमेरिकेत २००६ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात लोकांना औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचायला दिली होती, दोन गोळ्या दिवसातून दोनदा. ज्यांचं वाचन सहावी किंवा त्याखालच्या पातळीचं होतं त्यांच्यातल्या सुमारे ७१ टक्क्यांनी ती बरोबर सांगितली, पण दिवसभरात किती ते गोळ्या मोजून दाखवायला सांगितलं तर जेमतेम ३५ टक्क्यांना जमलं. त्यामुळे तोंडी सांगितलं म्हणून सोडू नका, करून दाखवायला लावा.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. वेगळ्या कागदाची गोष्ट डॉक्टरांना सांगितली, तयार झालेत. आता एक राहिलं. आयएनआरप्रमाणे डोस बदलतो, काही वारी एक गोळी, काही वारी अर्धी, आणि वयस्कर पेशंट इथेच गोंधळतात. सात वारांचे रकाने आणि त्यात पूर्ण गोळीला अख्खा गोल, अर्धीला अर्धा गोल असा तक्ता कुणी वापरलाय का? अर्धा गोल कळतो का लोकांना? कुणाकडे असा तक्ता असेल तर प्लीज फोटो टाका.