भरती-ओहोटीवर चालणारी घरं : तुमचे अनुभव लिहा

खाडीकाठची, दाभोळ

आमच्या घरी कॅलेंडरवर आधी तिथी बघतात, तारीख मागाहून. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. त्यात सहा तास मिळवले की सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. आजी हा हिशेब बोटांवर करायची, आई अजून करते. पुनव-अवसेला पाणी सगळ्यात जास्त ओसरतं आणि ती सुकती सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी येते. त्या दिवसांत आई कालवं फोडायला खडकावर जाते, तिला दुसरं काम सांगायचं नसतं. अष्टमीच्या भांगाला पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. दळण, बँक, दवाखाना हे सगळं तेव्हा. मामाकडचे लोक फोन करून "कधी येऊ?" विचारतात तेव्हा आई तिथी सांगते आणि त्यांना ती बरोबर कळते.

समुद्राजवळ राहिल्यामुळे तुमच्या घरातलं कोणतं साधं काम सोपं झालं, कोणतं बिघडलं, कशानं दिवस चांगला गेला, ते लिहा. किल्ल्यांवर आणि पुळणींवर भरपूर लिहिलं गेलंय. मला पडवी, अंगण, विहीर, धक्का इथल्या गोष्टी वाचायच्या आहेत.

बंदरावरची, हर्णै

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्यामुळे आमचं वर्ष मे महिन्यातच संपतं म्हणा ना. आगोटीचं (पावसाळ्याच्या बेगमीचं) सामान म्हणजे सुकट, सोडे, खारे बांगडे, सुके बोंबील, हे सगळं पहिला पाऊस पडायच्या आत घट्ट झाकणाच्या डब्यांत गेलं पाहिजे. डब्यात हवा राहिली तर श्रावणापर्यंत सगळ्याला बुरशी.

माझा धंदा जवळ्याचा, म्हणजे कोळंबीसारख्या बारीक मासळीचा. संध्याकाळी बंदरावर लिलाव होतो, तिथे मी आणि माझी जाऊ मिळून टोपल्या घेतो आणि सकाळी ऊन वर आलं की पसरतो. जवळा नुसता पसरून चालत नाही. हात फिरवत राहावं लागतं, नाहीतर खालचा ओला राहतो. पूर्वी नोव्हेंबर म्हणजे बिनधास्त असायचं. आता दिवाळी झाली तरी आभाळाकडे बघावं लागतं. मागे असंच दुपारी एक सर आली, जेमतेम पाव तासाची. पसरलेला सगळा माल भिजला. भिजलेल्या जवळ्याचा रंग जातो, वास बदलतो, आणि मग तो माणसांच्या खाण्यासाठी विकता येत नाही. कुटीच्या भावानं, म्हणजे कोंबड्यांच्या खाद्याला द्यावा लागला. शेतातल्या पिकाचं नुकसान झालं की पंचनाम्याला माणूस येतो, तलाठी येतो. अंगणातल्या जवळ्याचा पंचनामा होताना मी पाहिलेला नाही. बायकांचा माल आहे, रोख घेतलेला आहे, त्याचा कागद कुठेच नसतो. याबद्दल कुणीतरी बोललं पाहिजे, म्हणून इथे लिहिलं.

आनंदाचं विचारलंत तर ऑगस्टमधला पहिला ताजा मासा. नारळी पौर्णिमेच्या आसपास पहिल्या होड्या परत येतात, तेव्हा घरात कांदा चिरून, वाटण वाटून ठेवलेलं असतं. काय मासळी येईल ते माहीत नसतं, पण वाटण तयार असतं.

वाडीवाली, श्रीवर्धन

बंदरावरच्या ताई, कागदाचं तुमचं म्हणणं अगदी खरं. आमच्या झाडांचे पंचनामे झाले, तरी मोडलेल्या झाडाखाली काय काय होतं ते त्यात कुठे येतं?

३ जून २०२०, निसर्ग वादळ. सकाळी वारा वाढला तेव्हा आम्ही सगळे मधल्या खोलीत बसलो. कौलं उडाल्याचा आवाज येत होता, पण मला आठवतो तो पोफळींचा आवाज. पोफळ बारीक असते, ती सपकन मोडते. एक मोडली की शेजारचीवर पडते, ती पुढचीवर. दुपारनंतर दार उघडलं तर समोरच्या आळीतलं घर दिसलं. लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्या पडवीतून ते घर कधी दिसलं नव्हतं, मध्ये वाडी होती.

आमच्याकडची श्रीवर्धनी रोठा सुपारी प्रसिद्ध. सुपारी पाडायला पाडेली यायचा. एका झाडावर चढला की झोका घेऊन तिथूनच शेजारच्या झाडावर जायचा, खाली उतरायचाच नाही. त्या वर्षी तो आला, वाडीत फिरला, उभ्या राहिलेल्या झाडांमधली अंतरं बघून म्हणाला, "वहिनी, आता प्रत्येक झाडाला उतरायला लागेल." चहा घेऊन गेला.

वीज महिन्यावर नव्हती. विहिरीवरचा रहाट काढून पंप बसवलेला, त्यामुळे पाणी पोहऱ्यानं काढलं. मोडलेले बुंधे तोडून बाहेर काढण्यातच पावसाळा गेला. मग रोपं लावली. पोफळीचं रोप लावलं की पीक धरायला सहा-सात वर्षं, माडाचंही तसंच. सासरे तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. त्यांनी स्वतः खड्डे आखून दिले, दोरी धरून. कुणीही त्यांना "कशाला?" असं विचारलं नाही याचं मला फार बरं वाटतं.

आता जे लिहायचं होतं ते. आमच्या अंगणात आधी ऊनच यायचं नाही. पापड, वाल, कोकमाची सालं, सगळं वाळवण डोक्यावर घेऊन दुसऱ्यांच्या गच्चीवर जायचं. वादळानंतर पहिल्या मे महिन्यात मी पहिल्यांदा स्वतःच्या अंगणात आमसुलं घातली. दिवसातून कितीदा तरी बाहेर जाऊन रस लावून यायचे. लाल झालेली चटई, वर ऊन, आणि मला आनंद होत होता. वाडी गेल्याचं दुःख होतंच, पण तो आनंदही खरा होता. सासूबाई म्हणाल्या, "वाळव हवं तेवढं, चार-सहा वर्षांत परत सावली येईल."

आली. मधल्या काळात केळी आणि अळू उन्हात चांगले झाले. आता पोफळी घराच्या वर गेल्यात, जायफळाची रोपं त्यांच्या सावलीत तग धरायला लागलीत आणि काही झाडांवर पोय, म्हणजे फुलोरा, फुटलीय. समोरच्या आळीतलं घर अर्धं झाकलं. यंदा आमसुलं पुन्हा गच्चीवर न्यावी लागणार असं दिसतंय.

गंजलेली ग्रिल, वर्सोवा

थोडक्यात लिहितो. खाऱ्या वाऱ्यानं गेलेल्या वस्तू : खिडकीची ग्रिल, फ्रिजचे पाय, एसीचं बाहेरचं यंत्र, सायकलची चेन, कपाटाच्या बिजागऱ्या. उपाय : बिजागऱ्यांना महिन्याला खोबरेल, फ्रिजखाली लाकडी पाट, स्टीलचे नळ रोज रात्री कोरड्या फडक्यानं पुसणं. कपडे वाळायला बाहेर घातले तर संध्याकाळच्या आत काढायचे, नाहीतर ते चिकट लागतात.

एक सुख मात्र असं की मार्च-एप्रिलमध्ये दुपारी समुद्रावरून वारा सुरू झाला की पंखा बंद करतो. ठाण्याची बहीण मुलांना घेऊन तेवढ्यासाठी येते.

खारेपाट, तालुका पेण

आमच्याकडे समुद्र दिसत नाही, पण खाडी शेताच्या बांधापर्यंत येते. भात पिकतं ते बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा बांध, शाबूत असेल तोवर. उधाणाला बांधाला खांड, म्हणजे भगदाड, गेली की खारं पाणी शेतात. एकदा पाणी बसलं की त्या शेतात पुढची दोन-तीन वर्षं धड काही येत नाही. पावसानं मीठ धुऊन निघेपर्यंत थांबायचं.

खांड बुजवायची ती दोन भरत्यांच्या मध्ये. ओहोटी लागली की चिखल, पेंढा, झाडाच्या फांद्या टाकत जायचं आणि पुढची भरती यायच्या आत वर आणायचं. अर्धवट राहिलं तर येणारं पाणी सगळंच घेऊन जातं आणि खांड आधीपेक्षा रुंद होते. पूर्वी हाळी दिली की गाव गोळा व्हायचं. आता निम्मी माणसं कंपनीत पाळीवर. गेल्या खेपेला आमच्या बांधावर म्हातारी माणसं, बायका आणि कॉलेजची पोरं होती. रात्रीची ओहोटी, बॅटऱ्यांच्या उजेडात काम. बुजली. पोरांचं मला कौतुक वाटलं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी चिखलात उतरून काम पहिल्यांदाच केलं होतं.

आता चांगलं काय ते. घराशेजारी तळं आहे, त्यात जिताडा मासा. पावसाळ्यात खाडीतून पिल्लं आणून सोडतो, ती वाढतात. जावई आला, कुणाची बाळंतपणातून सुटका झाली, मुलाला नोकरी लागली की जिताडा काढायचा. बाजारातून आणून तो मान होत नाही. आणि थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून. त्या रात्री शेताच्या कडेला बसलो की उधाणाची भीती कुणाच्या बोलण्यात नसते.

वाडीवालीताई, तुमच्या सासऱ्यांना नमस्कार सांगा.

फेरीबोटीची मास्तरीण

खाडीकाठची, तुम्ही दाभोळच्या, म्हणजे आपण एकाच बोटीत बसलो असणार. माझी शाळा गुहागर तालुक्यात, घर दाभोळला. धोपाव्याला जाणारी पहिली बोट चुकली की पुढचा सगळा दिवस धावपळीचा. खाडी ओलांडायला काही मिनिटं लागतात. तीच खाडी रस्त्यानं टाळायची तर दापोली, खेड, चिपळूण करत अर्धा दिवस जातो. पावसाळ्यात वादळी वारा असला की बोट बंद, आणि ते धक्क्यावर पोचल्यावरच कळतं. मग तिथूनच शाळेत फोन करायचा, पलीकडच्या बाई माझे वर्ग घेतात. त्यांना या उपकाराबद्दल मी कधी नीट धन्यवाद दिले नाहीत, त्यांना सवयच झालीय.

बोटीवरचा वेळ मात्र माझा एकटीचा. घरात स्वयंपाक, शाळेत मुलं, मध्ये एवढाच वेळ कुणी काही मागत नाही. वह्या तपासायला सोबत असतात, पण मी पिशवी उघडत नाही.

माहेर अलिबाग, सासर वेंगुर्ला

तिथीच्या हिशेबावरून आठवलं. अलिबागला ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की कुलाब्याच्या किल्ल्यात चालत जातात. आम्ही शाळेतून आलो की पाणी किती आत गेलंय ते बघून खेळ ठरवायचो. लग्न होऊन वेंगुर्ल्याला आले. पहिल्या अवसेला सुकतीच्या वेळी पुळणीवर गेले, तर पाणी फार हललेलंच नाही. मला वाटलं वेळ चुकली. नवऱ्यानं समजावलं की दक्षिणेकडे भरती-ओहोटीतला फरकच कमी. मुंबई-अलिबागकडे उधाणाला पाणी जितकं चढतं-उतरतं, त्याच्या निम्म्याच्या आसपास इकडे.

ऐकायला ही भूगोलाची गोष्ट आहे, पण मला पहिले काही महिने त्यानं फार परकं वाटलं. घर, माणसं, मासळीत घालायचं वाटण, सगळं निराळं असणार हे धरून चालले होते. समुद्रही निराळा असेल हे मनात आलं नव्हतं. आता मुलीला घेऊन माहेरी जाते तेव्हा ती ओसरलेलं पाणी बघून विचारते, "आई, समुद्र कुठे गेलो?" तिचं मालवणी ऐकून माझी आई खूश होते.

रापणकार, मालवण तालुका

मी रापणीच्या घरातला. आता नोकरी करतो, पण गावात असलो की दोरीला हात लावतोच. होडी जाळं टाकत अर्धगोल फिरून येते आणि मग दोन्ही बाजूंनी किनाऱ्यावरून ओढायचं. पाय वाळूत रुतवून, मागे मागे सरकत. ओढणाऱ्याला वाटा मिळतो, मग तो रापण संघाचा असो की रस्त्यानं जाणारा. लहानपणी आम्ही दप्तर वाळूत ठेवून ओढायला लागायचो आणि घरी तारली नाहीतर बांगडे न्यायचो.

आता किती वेळा ओढून जाळ्यात काही नसतं ते सांगायलाही बरं वाटत नाही. मोठ्या जाळ्यांच्या यांत्रिक बोटी बाहेर आधीच मासळी घेरतात, किनाऱ्यापर्यंत येणार काय? यावर आमच्याकडे मोर्चे झाले, भांडणं झाली. ज्यांच्या घरची चूल रापणीवर आहे त्यांच्या बाजूनं मी उभा आहे आणि राहीन.

गेल्या डिसेंबरात मात्र सकाळी काका दारात येऊन म्हणाले, "तारली लागली हा, चल बेगीन." खाली गेलो तर दोन्ही दोऱ्यांवर माणसंच माणसं. दुकानदार दुकान टाकून आलेला, पोस्टमन आलेला, पर्यटक बाई चप्पल हातात घेऊन उभी होती, तिलाही कुणीतरी दोरी दिली. जाळं जवळ आलं तसं पाणी चमकायला लागलं. ओढून झाल्यावर जुन्या रिवाजाप्रमाणे वाटे पडले. त्या बाईंना त्यांचा वाटा दिला तर त्या घेईनात. काकांनी सांगितलं, "दोरयेक हात लावलास मां? मगे घेवक् व्हयो." हॉटेलवाल्याकडून तळून घ्या असं सांगून त्यांच्या ओढणीत बांधून दिला.

आम्ही आमचा वाटा घरी नेला. निम्मी मासळी शेजाऱ्यांकडे, थोडी मीठ लावून ठेवली, उरलेलीचं तिखलं. त्या दिवशी वाडीतल्या एकूणएक घरात तारलीच होती.