पहिल्यांदाच स्कीइंगला जायचंय, रिसॉर्ट निवडताना नक्की काय बघायचं?

पायवाट_२२
नमस्कार मंडळी, आम्ही चौघं जाणार आहोत, मी, नवरा, ६ वर्षांची लेक आणि माझी आई (वय ६८). कोणीच आजवर स्की पायात घातलेली नाही आणि आई तर करणारच नाहीये, तिला डोंगर आणि बर्फ बघायचाय. आठ दिवस वेबसाइट चाळतेय पण सगळे आमच्याकडे इतके किलोमीटर उतार नि इतक्या लिफ्ट एवढंच सांगतात, त्यावरून काही ठरवता येत नाही. मोठं घ्यावं की छोटं? सामान विकत की भाड्याने? आणि आईला दिवसभर खोलीत बसवून आम्ही मजा करायची हे मला अजिबात नकोय, त्यामुळे तिचं काय तेही सांगा प्लीज.

निळा_उतार
किलोमीटर आधी विसरा. फ्रान्समधल्या थ्री व्हॅलीजमध्ये ६०० किमीच्या आसपास उतार आहेत, पण पहिल्या आठवड्यात तुम्ही त्यातल्या दोन-तीनच उतारांवर वरखाली करणार. त्यापेक्षा रिसॉर्टचा नकाशा उघडा आणि शिकाऊ लोकांची जागा कुठेय ते शोधा. तिथे मॅजिक कार्पेट आहे का बघा, म्हणजे जमिनीलगत सरकणारा पट्टा, स्की घालून नुसतं उभं राहायचं की वर. नाहीतर मग दोरीला लटकणारी चकती पायांत धरून ओढत जायची लिफ्ट असते, तिच्यावर नवीन माणूस चढ संपायच्या आत दोनदा पडतो आणि लहान मुलं रडकुंडीला येतात.

नकाशात उतारांना अवघडपणानुसार रंग दिलेले असतात, त्यांचं पण नीट समजून घ्या. युरोपात निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड, काही देशांत निळ्याच्या आधी हिरवा असतो. उत्तर अमेरिकेत हिरवं वर्तुळ सोपं आणि निळा चौकोन मध्यम, म्हणजे तिथला निळा सोपा समजून गेलात तर फसाल.

आणि वर गेल्यावर खाली यायला सोपा रस्ता आहे का हे आधी बघायचं, हे मी कळकळीने सांगतोय. तिसऱ्या दिवशी मित्रांबरोबर चेअरलिफ्टने वर गेलो, वरून खाली फक्त लाल उतार, लिफ्टवाला परत बसवेना कारण ती लिफ्ट माणसं खाली आणतच नव्हती. दोन तास स्की आडव्या करून घसरत घसरत उतरलो, त्यानंतर दोन दिवस मला उताराकडे बघवत नव्हतं.

बूटवाली
सामान भाड्याने घ्या, विकत अजिबात नको. पण बूट निवडायला अर्धा तास द्या, घाई करू नका. स्की बुटाचा नंबर पावलाच्या लांबीवर सेंटीमीटरमध्ये असतो. सरळ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की थोडी मागे सरकली पाहिजेत. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे, बदलून मागा. मोजा एकच, पातळ आणि लांब, थंडी वाजेल म्हणून दोन घालू नका, त्याने पाय चेपतो आणि उलट जास्त गार पडतो. मी सैल बूट आरामदायक वाटला म्हणून घेतला होता, दुसऱ्या दिवशी दोन्ही अंगठ्यांची नखं काळी आणि माझा आठवडा संपला.

अजून एक, दुकानात वजन, उंची, वय आणि येतं की नाही हे विचारतात तेव्हा अगदी खरं सांगा. पडल्यावर बूट स्कीपासून किती जोराला सुटावा ते त्यावरून ठरवतात, वजन जास्त सांगितलं तर स्की सुटत नाही आणि गुडघा पिरगळतो. हेल्मेट चौघांनाही... म्हणजे तिघांना, आई नाहीत ना उतरणार.

हिमरेषा
आईंसाठी एकच प्रश्न रिसॉर्टला विचारा, गोंडोलात स्की नसलेल्यांना वर जाताना आणि खाली येतानाही बसता येतं का आणि त्यांचं वेगळं तिकीट आहे का. गोंडोला म्हणजे बंद डबा, त्यात आरामात जाता येतं. वरच्या स्टेशनला बसायला जागा आणि दाबून सपाट केलेली चालायची वाट असेल तर त्यांचा दिवस छान जाईल आणि तुम्हीही दुपारी तिथेच भेटाल. फक्त वारा वाढला की गोंडोला बंद करतात, तेव्हा गावातही करण्यासारखं काही असू दे.

उंची मात्र बघा. जास्त उंचीवर बर्फ टिकतो हे खरं, पण व्हाल थोरेन्ससारखं गावच २३०० मीटरवर असतं आणि लिफ्ट त्याच्याही वर नेते, त्या वयात आधी डॉक्टरांशी बोललेलं बरं. खूप खालचं रिसॉर्ट घेऊन बर्फाच्या मशीनवर पण भिस्त ठेवू नका, मशीनला थंड आणि कोरडी हवा लागते, ऊब आली की ते नुसतेच उभे. आणि बर्फावरून ऊन परत वर फेकलं जातं, ढगाळ असलं तरी क्रीम आणि गॉगल आईंना पण हवाच.

लेकीची शिकवणी खोलीबरोबरच बुक करा, सुट्ट्यांमध्ये मुलांच्या बॅच आधी भरतात.

निळा_उतार
विम्याचं राहिलं. साध्या प्रवास विम्यात बऱ्याचदा स्कीइंग नसतं, उतारावरून उचलून आणायचा आणि हेलिकॉप्टरचा खर्च त्यात धरलाय का ते वाचून घ्या. आणि लेकीला पहिल्या दिवसापासून सांगा, आपल्या खाली जो आहे त्याला आधी जाऊ द्यायचं, थांबायचं तर कडेला, उंचवट्याच्या मागे कधीच नाही, वरून येणाऱ्याला तिथे दिसत नाही.

पायवाट_२२
खूप खूप आभार सगळ्यांचे, आता कुठे चित्र दिसायला लागलं. मोठं नाव यादीतून काढलं. दुसऱ्या एका ठिकाणी विचारलं, तिथे शिकायची जागा गोंडोलाच्या वरच्या स्टेशनलाच आहे, म्हणजे आई समोर बसून नातीला बघू शकेल आणि आम्हालाही डब्यातून खाली येता येईल, उंची १८०० च्या आसपास. एक राहिलंच, नवऱ्याला जाड चष्मा आहे, लेन्स चालत नाहीत, त्याने काय करायचं?

बूटवाली
चष्म्यावरून घालायचे मोठ्या फ्रेमचे गॉगल मिळतात, कडेला काड्यांसाठी खाच असते. चष्मा घेऊनच दुकानात जा आणि हेल्मेट पण त्याच वेळी घालून बघा, काड्या कानावर दाबल्या तर दुपारपर्यंत डोकं ठणकतं.