बाबा-ए-उर्दू (उर्दूचे पितामह) मौलवी अब्दुल हक आणि औरंगाबाद, काय नातं आहे? कुणाला माहिती असेल तर सांगा

जायकवाडी:

नमस्कार मंडळी. मी मूळची पैठणची, शाळा-कॉलेज सगळं मराठीतून, उर्दू ऐकून कळते पण लिपी वाचता येत नाही. मागच्या आठवड्यात मुलाच्या मित्राची आई घरी आली होती, ती उर्दू मीडियममध्ये शिकलेली. गप्पांमध्ये बीबी का मकबऱ्याचा विषय निघाला तर ती म्हणाली अगं आम्हाला शाळेत धडा होता, 'नामदेव माली', मकबऱ्याच्या बागेतल्या माळ्यावरचा. आणि तिने अख्खी गोष्ट तोंडपाठ असल्यासारखी सांगितली, शेवटी शेवटी तिचाच आवाज भरून आला. मी इतकी वर्षं त्या मकबऱ्यात जातेय, पाहुणे आले की दाखवायला नेते, आणि मला हे कधीच कुणी सांगितलं नव्हतं.

लेखकाचं नाव मौलवी अब्दुल हक. नेटवर शोधलं तर पहिलंच कराची आलं. मग हे औरंगाबादला काय करत होते? किती वर्षं होते? आणि मराठीशी त्यांचा काही संबंध होता का, की नुसते येऊन राहून गेले? प्लीज कुणी नीट सांगा.

पाणचक्की:

ताई, फार बरं वाटलं हा प्रश्न बघून. माझं घर जुन्या शहरात, लहानपणी आजोबांकडून 'मौलवी साहब' एवढंच ऐकायचो, पुढे स्वतः वाचलं.

जन्म 1870 चा, हापुडकडचे, म्हणजे मेरठच्या बाजूचे. शिक्षण अलीगढला, सर सय्यद अहमद खान हयात असतानाचं, 1894 ला बी.ए. झाले. मग निजामाच्या राज्यात हैदराबादला आले, आधी शाळेत हेडमास्तर, मग शिक्षण खात्यात, आणि त्या नोकरीतच औरंगाबादला. 1912 ला त्यांच्याकडे अंजुमन तरक्की-ए-उर्दू, म्हणजे उर्दूच्या वाढीसाठीच्या संस्थेचं, सेक्रेटरीपद आलं. ही संस्था 1903 ला निघालेली, पहिले सेक्रेटरी शिबली नोमानी. अब्दुल हकांनी अंजुमनचं ऑफिस आपल्याबरोबर औरंगाबादला आणलं आणि पुढची पंचवीसेक वर्षं उर्दूच्या सगळ्यात मोठ्या संस्थेचा कारभार दिल्ली-लखनौहून नाही, आपल्या औरंगाबादहून चालला! हे मी ज्याला सांगतो तो आधी विश्वासच ठेवत नाही.

इथे प्रेस होता. 1921 ला 'उर्दू' नावाचं त्रैमासिक इथून निघालं, पुढे 'साइंस' पण काढलं. जुनी हस्तलिखितं शोधून, पाठ तपासून, प्रस्तावना लिहून छापायची हे त्यांचं खरं वेड. उर्दू कवी मीर तकी मीरचं आत्मचरित्र 'ज़िक्र-ए-मीर' 1928 ला औरंगाबादेत छापलं. गोवळकोंड्याच्या मुल्ला वजहीचं 'सबरस' हे 1635 चं दख्खनी (दक्षिणेतली जुनी उर्दू) गद्य, ते पण 1932 ला इथूनच. 1937 चा त्यांचा मोठा इंग्रजी-उर्दू कोश, त्याच्या टायटल पेजवर सुद्धा औरंगाबाद (दक्कन). इथल्या इंटरमीजिएट कॉलेजचे प्रिन्सिपॉलही होते. स्वतःची कमाई अंजुमनमध्ये घातली, पाठीमागे घर-संसार म्हणावा असा काही नव्हता.

आणि राहायला कुठे, तर मकबऱ्याच्या आवारातच. बागेची देखरेख त्यांच्याकडे होती आणि लिहायला बसायची खोली अशी की खिडकीतून बाग दिसायची. नामदेव त्यांना तिथून दिसला. ते लिहितात की कामाच्या मधे मान वर केली की हा कुठल्या तरी रोपासमोर बसलेला असायचा, हाताने माती साफ करतोय, हौदातून पाणी आणून हळूहळू घालतोय, मग मागे सरकून ह्या बाजूने त्या बाजूने रोप बघतोय आणि स्वतःशीच हसतोय. त्याला मूलबाळ नव्हतं, झाडांनाच लेकरं मानायचा. एक वर्ष असा दुष्काळ पडला की विहिरी आटल्या, बाकीच्यांची झाडं वाळून गेली, ह्याची हिरवी. कारण हा लांबून डोक्यावर पाणी आणायचा, रात्रीसुद्धा, अर्धं पाणी अर्धा चिखल असलं. मौलवी साहेबांनी बक्षीस द्यायचं म्हटलं तर घेईना. म्हणाला स्वतःची पोरं वाढवायचं कुणी बक्षीस घेतं का, दिवस कसेही असले तरी ते करावंच लागतं. पुढे त्याला शाही बागेत नेलं आणि तिथे एक दिवस मधमाश्या उठल्या, सगळे माळी पळून लपले, ह्याला कळलंच नाही, हा कामात. माश्यांनी इतकं फोडलं की त्यातच गेला.

नामदेव त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातीतला. मौलवी साहेब हे पहिल्याच ओळींमध्ये सांगतात आणि लगेच म्हणतात की खरेपणा, चांगुलपणा ही काही कुणाच्या बापाची वारसाने आलेली इस्टेट नाही, जशी वरच्या म्हणवणाऱ्या जातीत तशी खालच्या म्हणवणाऱ्या जातीतही असते (हा माझा स्वैर अनुवाद). 'चंद हमअस्र' नावाचं त्यांचं पुस्तक आहे, ओळखीच्या मोठ्या मोठ्या माणसांची व्यक्तिचित्रं, सर सय्यद वगैरे, आणि त्याच रांगेत हा माळी बसवलाय. मला त्यांचं बाकी सगळं काम एका बाजूला आणि हे एका बाजूला वाटतं.

मास्तर_धारूर:

पाणचक्की यांनी छान लिहिलंय, पण दुसरी बाजू पण सांगायला हवी, मी मराठवाड्यातला रिटायर्ड शिक्षक आहे, मनात राहून जाईल म्हणून लिहितो. आमच्या वडिलांच्या पिढीला हायस्कूल उर्दूतून करावं लागलं. घरात मराठी, गल्लीत मराठी, गणित मात्र उर्दूत. राज्यात तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारे बहुसंख्य आणि सरकारदरबारी उर्दू. 1918 ला उस्मानिया युनिव्हर्सिटी सुरू झाली, उर्दू माध्यमाची, तिच्यासाठी 1917 ला जो भाषांतर विभाग, दारुल तर्जुमा काढला त्याचे पहिले प्रमुख हेच अब्दुल हक. म्हणजे ज्या धोरणाखाली आमचे लोक भरडले गेले त्या यंत्रणेतले ते मोठे माणूस होते. वडील सांगायचे की परीक्षेत उत्तर येत असून लिहिता यायचं नाही, शब्द सापडायचे नाहीत. ते दुःख ते शेवटपर्यंत विसरले नाहीत.

आता दुसरं. ह्याच दारुल तर्जुमाने फिजिक्स, केमिस्ट्री, कायदा, अगदी डॉक्टरकीची पुस्तकं आपल्या देशातल्या भाषेत आणली, कॉलेजपर्यंत शिकवून दाखवलं. एक एक पारिभाषिक शब्द कसा घडवायचा, अरबीवरून घ्यायचा की फारसीवरून की सरळ बोलीतला उचलायचा, ह्यावर विद्वान लोक दिवस दिवस भांडायचे. मी तीस वर्षं मराठीतून विज्ञान शिकवलं. पुस्तकातला शब्द मुलांच्या तोंडात बसत नाही म्हणून वर्गात किती वेळा अडलोय ते मलाच माहिती, त्यामुळे त्या कामाची किंमत मला कळते. वडिलांचं दुःख आणि हे काम, दोन्ही खरं आहे, मला एकाने दुसरं खोडता येत नाही.

शब्दवेडी:

ताई, तुमचा मराठीशी संबंध हा प्रश्न राहिलाच. संबंध आहे आणि चांगला घट्ट आहे! अब्दुल हकांनी 1933 ला एक छोटं पुस्तक लिहिलं, 'मराठी ज़बान पर फ़ारसी का असर', नावातच विषय आला. उर्दूच्या एवढ्या मोठ्या अभ्यासकाला मराठीवर लिहावंसं वाटलं हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण निजामाच्या सरकारदरबारी मराठीकडे बघायची फारशी गरज वाटत नव्हती (मास्तरांनी लिहिलंच आहे).

आता ह्यातली मजा बघा. आपण फडणीस म्हणतो ते फर्द-नवीस, चिटणीसमधला 'णीस' पण तोच नवीस म्हणजे लिहिणारा. खुर्ची, दरवाजा, जमीन, अर्ज, पोशाख हे तर सोडाच, 'शिवाय' सुद्धा तिकडचाच. आणि 'गैरसमज' घ्या, गैर तिकडचा, समज आपला, दोघांची मोट बांधून शब्द झाला आणि आता तो शंभर टक्के मराठी आहे. माधव जूलियनांचा फारसी-मराठी कोश 1925 चा, म्हणजे त्याच दहा-पंधरा वर्षांत पुण्याकडून एक माणूस आणि औरंगाबादकडून एक माणूस एकाच नदीत दोन काठांनी उतरले होते.

उलटा प्रवाह पण आहे बरं का. दख्खनीत जोर द्यायला 'च' लावतात, उत्तरेकडचे 'ही' म्हणतील तिथे हे 'च', तो आपला मराठीचा 'च'. पाणचक्की यांनी सांगितलेल्या 'सबरस'सारख्या जुन्या दख्खनीत तो आहे आणि आजही औरंगाबाद-बीडच्या कुठल्याही मोहल्ल्यात उभं राहा, मिनिटभरात कानावर पडेल. उत्तरेतून आलेल्या अब्दुल हकांनी ही दख्खनी गावठी म्हणून बाजूला टाकली नाही, उर्दूची सुरुवातीची पानं इथे आहेत, सूफी संतांनी सामान्य लोकांशी तिच्यातून बोलायला सुरुवात केली असं ठासून मांडलं. त्यात चुकाही झाल्या. गुलबर्ग्याचे सूफी संत गेसूदराज यांच्या नावावर अब्दुल हकांनी छापलेली 'मेराजुल आशिकीन' ही गेसूदराजांची नाही असं नंतरच्या संशोधकांनी दाखवलं. पण छापली म्हणून तर तपासता आली.

आणि त्याच शहरात पुढे यू. म. पठाण सर झाले, त्यांचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. जन्म 1930, करमाळ्याचे, औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक, विभागप्रमुख. महानुभावांच्या पोथ्या, संतसाहित्य, मुसलमान मराठी संतकवी हे सगळं त्यांनी पालथं घातलं आणि बखरींमधल्या फारसीवरही लिहिलं. 1990 च्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, 2007 ला पद्मश्री. अब्दुल हकांनी उर्दूच्या अंगाने जो विषय हातात घेतला तो पठाण सरांनी मराठीच्या अंगाने घेतला. दोघांची पुस्तकं एका टेबलावर ठेवून कुणीतरी नीट काम करायला पाहिजे, कुणी पीएचडीचा विषय शोधत असेल तर खरंच विचार करा.

पाणचक्की:

मास्तर, तुमचं पटलं, आमच्या घरात ती बाजू कधी बोललीच गेली नाही त्यामुळे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. कराचीचं राहिलं म्हणून लिहितो. 1936 ला नागपूरला भारतीय साहित्य परिषद भरली होती, गांधीजी, प्रेमचंद, क. मा. मुन्शी सगळे होते, तिथे भाषेच्या नावावरून अब्दुल हकांचं गांधीजींशी वाजलं. गांधीजी 'हिंदी-हिंदुस्तानी' म्हणत होते, ह्यांचं म्हणणं नुसतं हिंदुस्तानी म्हणा. त्यानंतर ते भाषेच्या लढाईत जास्तच ओढले गेले, 1938 ला अंजुमनचं ऑफिस दिल्लीला गेलं. 1947 च्या दंगलीत ते ऑफिस लुटलं गेलं, जन्मभर जमवलेली कागदपत्रं, हस्तलिखितं, बरंच गेलं. मग कराचीला जाऊन वयाच्या पंचाहत्तरीनंतर पुन्हा पहिल्यापासून अंजुमन उभी केली, 1949 ला उर्दू कॉलेज काढलं. 16 ऑगस्ट 1961 ला वारले, कबर त्या कॉलेजच्या आवारातच आहे. भारतातली अंजुमन पण बंद पडली नाही, दिल्लीत आजही आहे.

ताई, 'नामदेव माली' रेख्ता ह्या उर्दू साहित्याच्या साइटवर आहे, उर्दू लिपी येत नसेल तर तुमच्या त्या मैत्रिणीला मोबाईलवर वाचून दाखवायला सांगा, सहा-सात मिनिटांचं आहे.

जायकवाडी:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी सांगेल असं वाटलंच नव्हतं. मास्तर, तुमच्या वडिलांचं वाचून माझे आजोबा आठवले, ते सात-बाराचे जुने उर्दू कागद घेऊन वाचून देणारा माणूस शोधत फिरायचे.

काल संध्याकाळी मैत्रिणीला बोलावलं, ती वाचत गेली, मी, मुलगा आणि आमच्या सासूबाई ऐकत बसलो. सासूबाईंना उर्दू अजिबात येत नाही, त्या शेंगा सोलत होत्या. नामदेव रोपासमोर बसून 'थांवला' साफ करतोय असं वाक्य आलं आणि आम्ही अडलो, मलाही माहिती नाही, मैत्रिणीला अर्थ माहिती पण मराठी शब्द सुचेना, ती हाताने गोल गोल करून दाखवायला लागली, झाडाच्या बुडाशी असं, पाणी थांबायला. सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "आळं म्हण की. आळं करतोय तो. वाच पुढं."