पाइड मादीवर तिचाच मुलगा सोडावा का? (बॉल पायथन)

ह्यूस्टनकर
नमस्कार मंडळी. इकडे टेक्सासात बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) पाळणं अगदी कॉमन आहे, माझ्याकडे पण आहेत. मादी पाइड, म्हणजे अंगावर मोठाले पांढरे भाग असलेली, नर साधा. त्यांची पिल्लं झाली ती सगळी दिसायला साधीच पण प्रत्येकात पाइडचं एकेक जीन आहे, याला इथे हेट म्हणतात. त्यातला एक नर मी ठेवला, बाकीची दिली. आता तो वयात आलाय तर ज्याच्याकडून मादी घेतली तो ब्रीडर म्हणतो याला आईवरच सोड, निम्मी पिल्लं पाइड निघतील, सगळे असंच करतात आणि सापांना काही होत नाही. मला ते जरा कसंतरीच वाटतंय पण मी उगाच माणसाची नाती सापांना लावतोय का खरंच धोका आहे?

जनुकराव
निम्मी पाइड निघतील हे बरोबर आहे पण त्यात आई असण्याचा काय संबंध? बिननात्याच्या कुठल्याही पाइड मादीवर हा नर सोडलात तरी सरासरी निम्मीच निघणार. आईवर सोडून फायदा एकच, दुसरी मादी विकत घ्यायला नको. आता तोटा बघा. आई-मुलाच्या पिल्लात कुठल्याही जीनच्या दोन्ही कॉप्या (एक आईकडची, एक बापाकडची) मुळात एकाच पूर्वजाच्या एकाच कॉपीतून आलेल्या असायची शक्यता २५ टक्के, सख्ख्या भावंडांची जोडी लावली तरी तेवढीच, मामेबहीण-आतेभाऊ लग्नात ती सव्वासहा टक्के असते. पाइड जसं दोन कॉप्या जुळल्यावरच दिसतं तसंच आईत लपलेलं आणखी काही असेल तर तेही जुळणार, मग वाकडा कणा, डोळा नसणं किंवा पिल्लू अंड्यातच मरणं. असेलच असं नाही, पण आहे की नाही हे आधी कळायला मार्ग नाही.

रॅकवाला
एवढं घाबरवू नका हो त्यांना. पाइड रिसेसिव्ह आहे, म्हणजे दोन कॉप्या असल्या तरच दिसतं, हे १९९७ मध्ये ब्रीड करून सिद्ध झालं तेव्हा पाइड होतेच मोजके, नात्यात जोड्या लावल्या नसत्या तर हा मॉर्फ (रंग-नक्षीचा प्रकार) एवढा पसरलाच नसता. आज बिननात्याची म्हणून घ्याल ती पण लांबून कुठेतरी भाचीच लागणार. वाकडा कणा उबवताना तापमान चढलं तरी येतो. आणि जंगलात कोण कुंडली बघतं?

फुरसे
जंगलात कुंडली निसर्ग बघतो, आणि बिल लावतो. स्वीडनच्या दक्षिण टोकाला स्मीगेहूक म्हणून जागा आहे, तिथले अॅडर (युरोपातले एक विषारी) साप आजूबाजूच्या शेतीमुळे एकटे पडले आणि आपसातच वाढत राहिले. व्यंग असलेली आणि मेलेली पिल्लं खूप जन्माला यायला लागली, संख्या घसरत गेली. १९९२ मध्ये मॅडसन, शाइन वगैरे संशोधकांनी दुसरीकडचे २० नर तिथे सोडले आणि काही वर्षांत संख्या परत वाढली, १९९९ मध्ये हे नेचर मासिकात छापून आलंय. म्हणजे सापांना काही होत नाही हे चूक, आणि एकदा बाहेरचं रक्त आलं की सुधारतं हेपण तिथेच दिसलं.

एक मात्र वेगळं ठेवा, बॉल पायथनच्याच स्पायडर मॉर्फचं डोकं गदागदा हलतं ना, त्याचा दोष लोक इनब्रीडिंगला, म्हणजे नात्यातल्या जोड्यांना, देतात. ते चूक आहे. ते त्या जीनचंच काम, एक कॉपी असली तरी पुरे, २०२२ मध्ये सीटी स्कॅन करून बघितलं तर आतल्या कानाची रचनाच बिघडलेली निघाली. कितीही बाहेरचा जोडीदार आणा, ते जात नाही. त्यामुळे स्पायडर काढणं मला जास्त वाईट वाटतं, कारण तिथे पिल्लाला त्रास होणार हे आधीच माहीत असतं.

लातूरची_शेळीवाली
साप बघितला की मी पळते पण प्रश्न ओळखीचा वाटला म्हणून लिहिते. आमच्याकडे बोकडाच्या मुली माजावर यायच्या आत बोकड बदलायचा हा साधा नियम आहे. नाही बदलला तर पहिल्या खेपेला काही दिसत नाही, करडं जरा बारकी होतात, गाभडण्याचं प्रमाण वाढतं आणि माणूस चाऱ्याला दोष देत बसतो. तुमच्यात किती अंडी घातली, किती निकामी गेली, किती पिल्लं मेली हे कुणी लिहून ठेवतं का? नुसते जगलेल्यांचे फोटो बघून काही होत नाही म्हणणं सोपं आहे.

रॅकवाला
ताई मुद्दा बरोबर आहे, बरेच जण नाही लिहीत. मी लिहितो. एकदा आई-मुलगा लावणं आणि पिढ्यानपिढ्या तेच करणं यात फरक आहे एवढंच माझं म्हणणं, दुसऱ्या खेपेला तरी बाहेरचा नर आणायलाच हवा.

पुणेकर_८८
अवांतर, पण भारतात वाचणाऱ्यांनी हे वाचून सुटू नये. आपला अजगर, धामण पाळणं १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथन बाहेरचा असला तरी साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत येतो, त्यामुळे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते आणि पिल्लं झाली तर तीपण कळवावी लागतात.

जनुकराव
ह्यूस्टनकर, आणखी एक. ही पिल्लं तुम्ही विकणार, घेणारा उद्या त्यांचीच भावंडं जोडीला लावणार, आणि त्याला नातं माहीतच नसणार. बॉल पायथन वीस-तीस वर्षं जगतो. लावलंतच तर विकताना आई-मुलाची पिल्लं आहेत हे लिहून द्या. भाव पडेल, पडू द्या.

ह्यूस्टनकर
सगळ्यांचे आभार. निम्म्याचं गणित आईशिवायही तेच येतं हे त्या ब्रीडरने सांगितलंच नव्हतं. आईला या वर्षी राहू देतो. दुसऱ्या राज्यातली एक पाइड मादी बघून ठेवलीय, तिचे आईबाप कुठून आले ते विचारलंय, उत्तर आलं की इथेच टाकतो.