क्रोम प्लेटिंगच्या ईटीपीत ऑटो डोसिंग बसवायचंय, आधी कशाला हात घालावा? (मदत हवी आहे)

मंडळी, भोसरीत आमचं छोटं निकेल-क्रोम प्लेटिंगचं वर्कशॉप आहे. ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) दिवसाला १५ हजार लिटरचा, आणि तो चालतो मग आणि घमेल्यावर. अक्षरशः! आमचे ऑपरेटर मामा टाकीत सल्फ्युरिक सोडतात, पीएच पेपर बुडवतात आणि क्रोमचं विषारी रूप मोडणाऱ्या मेटाबायसल्फाइटचे मग मोजून ओततात. गंधकाचा असा भपकारा येतो की मामा नाकाला रुमाल बांधूनच उभे असतात. दहा मिनिटांत पाणी पिवळ्याचं हिरवं झालं की "झालं" म्हणायचं आणि चुन्याचं घमेलं उपडं करायचं.

इतकी वर्षं भागलं. गेल्या दोन रिपोर्टांत मात्र हेक्साव्हॅलंट क्रोमियम (हेच ते विषारी रूप) ०.४ आणि ०.३ आलं. मर्यादा ०.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर. निकेलही एकदा ३ च्या वर गेलं.

एका सल्लागारांनी ओआरपी (रिअ‍ॅक्शन कुठवर आली ते मिलिव्होल्टमध्ये दाखवणारं माप) आणि पीएचचा कंट्रोलर आणि तीन डोसिंग पंपांचं कोटेशन दिलंय. शेठ तयार आहेत, पण पैसे एकदाच सुटणार. घोळ असा की क्रोमचं आणि निकेलचं धुण्याचं पाणी आमच्याकडे एकाच गटारातून एकाच टाकीत येतं. तसंच ठेवून ऑटोमेशन केलं तर चालेल का? आणि चुना सोडून कॉस्टिक सोड्यावर जावं का? रांजणगावला विल्हेवाटीला जाणाऱ्या गाळाचं बिल फार होतंय.

प्रतिसाद १
पंप नंतर, आधी लाइन वेगळ्या करा. आत्ता तुम्ही निकेलच्या पाण्यालाही फुकट अ‍ॅसिड पाजताय. शिवाय क्रोमियम साडेआठ पीएचच्या आसपास गाळ होऊन बसतं, निकेलला दहाच्या पुढे जावं लागतं आणि तिथे क्रोमियम परत विरघळायला लागतं. एका टाकीत दोघांचं जमत नाही. बाहेर सोडताना पीएच पुन्हा नऊच्या आत आणावा लागतो, ते वेगळंच.
हिरव्या रंगावर भरवसा नको. अर्धा मिलिग्रॅम त्यात सहज लपतो. डायफेनिलकार्बाझाइडचं किट आणा. गुलाबी-जांभळं झालं की क्रोम शिल्लक.
कॉपरचा सायनाइड बाथ नाही ना? असेल तर ते पाणी अ‍ॅसिडच्या टाकीत थेंबभरही येता कामा नये, विषारी वायू सुटतो.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. ओआरपीचा आकडा पीएचबरोबर हलतो. पीएच सव्वादोनला धरलात तर २५० मिलिव्होल्टच्या आसपासचा सेटपॉइंट कामाचा, पीएच भटकला की तोच आकडा थापा मारतो. इलेक्ट्रोडवर थर बसतो, तो आठवड्याला कोण पुसणार हे आधी ठरवा.
कॉस्टिकने गाळ कमी होतो हे खरं, पण फ्लॉक (गाळाचे पुंजके) हलका पडतो, पॉली (पुंजके जमवणारं पॉलिमर) नीट लागली नाही तर वरून वाहून जातो. पंपाने डोस करायला मात्र सोपं. चुना पाइप चोंदवतो.
एक विचारतो, मामांचा पेपर आणि पीएच मीटर कधी ताडून पाहिलेत का?

धागाकर्ता
सायनाइड नाही, कॉपरशिवाय थेट निकेल करतो.
आज मीटर उसना आणला. पेपरवर "तीन" दिसत होतं, मीटर म्हणाला ३.९! त्या पीएचला रिअ‍ॅक्शन रेंगाळते म्हणे, आणि आम्ही दहा मिनिटांत चुना टाकत होतो. एक बॅच २.३ ला आणून अर्धा तास ढवळली. किट गुलाबी झालं नाही. मामा म्हणाले, "म्हणजे मेटा उगाच जास्त ओतत होतो?"
शेठना आता गटार वेगळं करायचं पटलंय. फरशी न फोडता क्रोमच्या रिन्स (धुण्याच्या) टाकीपासून भिंतीवरून पीव्हीसी लाइन नेलेली कुणाची आहे का? छोटा पंप कोणता चालतो?